एका संख्येचा वर्ग

थोरलीनं गणितातलं संशोधन अर्ध्यावर सोडलं, त्या दिवसापासून तिच्या वडिलांनी तिला थोरली म्हणणं बंद केलं. बाकी घरादाराला ती थोरलीच होती. धाकटा भाऊ लग्न करून दुसऱ्या शहरात गेला तरी नाव तेच राहिलं होतं. बाबा मात्र तिला 'अर्धवट डॉक्टर' म्हणू लागले. ती जेवायला बसली की म्हणायचे, "या, अर्धवट डॉक्टर. जेवण तरी पुरतं करा." पाहुण्यांसमोरही हेच. अशा वेळी आई उगाच भांडी हलवत राहायची.

बाबांनी जन्मभर हायस्कूलमध्ये गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये रस्त्यात त्यांना बघून हातातली सिगारेट पाठीमागे लपवत, आणि बाबांना ते मनापासून आवडे. मुलीनं मात्र शाळेत नाही, विद्यापीठात शिकवावं, तिच्या नावानं एखादं प्रमेय ओळखलं जावं, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून तिनं नव्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याचं सांगितलं तेव्हा ते हसलेच.

अभ्यासक्रम साधा होता. गणितात वरपर्यंत शिकलेल्यांना वर्षभरात हायस्कूलचे शिक्षक करायचं. सकाळी खऱ्या शाळेत खऱ्या मुलांना शिकवायचं आणि दुपारी कॉलेजात बसून आपलं कुठं चुकलं ते ऐकायचं. वर्षाच्या शेवटी बाहेरचा परीक्षक मागच्या बाकावर बसून एक पाठ बघणार, शाळेतली मार्गदर्शक शिक्षिका आपला शेरा देणार, आणि दोघांचं जमलं तर प्रमाणपत्र.

"मास्तरीण?" बाबा म्हणाले. "यासाठी मी तुला पहाटे उठवून गणितं घातली?"

"तुम्हीही मास्तरच होता, बाबा."

"मला मास्तर बाप मिळाला नव्हता. तुला मिळाला होता. तरी?"

थोरली आत जाऊन अभ्यासक्रमाचं वेळापत्रक वाचत बसली.

तिला नववी ब मिळाली. लांबट खोली, एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा, फळा मधोमध इतका गुळगुळीत झालेला की खडू घसरायचा. पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "बाई, शून्यानं का भागायचं नाही?" प्रश्न टाइमपाससाठी होता. थोरलीला तो खरा वाटला. तिचा जीव हरखला. तिनं व्याख्येपासून सुरुवात केली, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला, आणि वळून बघितलं तर अर्ध्या वर्गानं दप्तरं आवरली होती आणि तिसऱ्या बाकावर एक मुलगी दुसरीची वेणी घालत होती. थोरली घाबरली की खाली बघून बोलायची. दुसऱ्या आठवड्यात तिचं नाव फरशीबाई पडलं.

मार्गदर्शक बाईंचं नाव मुलांनी त्याहून अचूक ठेवलं होतं. त्या उंच, सडसडीत, लांब पायांच्या, आणि जिथं टोक टेकवत तिथं भोक पडे. कर्कटकबाई. थोरली शिकवत असताना त्या मागच्या बाकावर बसून असत आणि तास ऐन मध्यावर आला की, तिच्या अर्जातलं सोडलेलं संशोधन ध्यानात ठेवून, म्हणत, "डॉक्टर, थांबा जरा."

थोरली थांबायची.

"मुलांनो, ज्यांना समजलं त्यांनी हात वर करा."

एकदा असेच दोन हात वर झाले. त्यातल्या एकाला बाईंनी उठवलं. "सांग काय समजलं."

"बाई, माझा हात चुकून वर गेला."

वर्ग फुटला. बाई हसल्या नाहीत. हशा विरेपर्यंत त्यांनी वाट बघितली. "बरं. आता ज्यांना वाटतं की या बाईंनी उद्याही यावं, त्यांनी हात वर करा."

एकच हात वर गेला, वेणी घालणाऱ्या मुलीचा. तिनं आजूबाजूला बघितलं आणि तोही खाली घेतला.

थोरलीबरोबर त्या शाळेत आलेला दुसरा उमेदवार महिन्याभरात पळाला. "बँकेत जातो," म्हणाला. "तिथं आकडे तरी तोंड वर करून बोलत नाहीत." थोरलीला पळायला जागा नव्हती. एकदा पळून झालं होतं. दुसऱ्यांदा पळाली असती तर बाबांनी नवं नाव ठेवलं असतं, आणि ते काय असेल याचा विचारही तिला नको होता.

नकाशे ठेवायच्या खोलीत ती रडताना बाईंनी तिला एकदा पकडलं. त्यांनी खडूंचा डबा तिच्यापुढे ठेवला. "आटपलं की हाच तास नववी 'क'च्या वर्गावर घ्या. मी येतेच."

तरी एक गोष्ट थोरलीला नाकारता येत नव्हती. बाईंना शिकवता येत होतं. नववी 'क'चा तास तिचा कोसळला तेव्हा बाईंनी खडू हातात घेतला, आणि तीच मुलं, तेच गणित, पण वर्ग असा पुढे झुकला की बाक करकरले.

"मुलांना उत्तर नको असतं," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "उत्तर पुस्तकाच्या मागे असतंच की. आपल्यासारखं दुसरं कुणी चुकतंय हे त्यांना बघायचं असतं. फळ्यावर चूक आली की तिला सोडायचं नाही, तास तिच्यावर उभा करायचा. आणि प्रश्न विचारलात की गप्प बसायचं. जीव गेला तरी गप्प. तुम्ही उत्तर द्यायला धावता, कारण तुम्हाला शांतता सोसत नाही."

थोरली शिकत गेली. सावकाश, अपमान गिळत. सहामाही तपासणीत तिला 'असमाधानकारक' मिळालं आणि कॉलेजातून निरोप आला की शेवटचा पाठही असाच झाला तर वर्ष वाया. त्यानंतर मात्र तिला वर्गाकडे बघून बोलता येऊ लागलं. मुलं फार त्रास देईनाशी झाली. प्रेमानं नाही, सवयीनं.

शेवटचा पाठ जवळ आला तेव्हा एके दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी आपल्या थर्मासमधला चहा तिच्या कपात ओतला. असं कधी झालं नव्हतं.

"घरी कोण कोण असतं?"

थोरलीनं सांगितलं. वडील गणिताचे शिक्षक होते हेही सांगितलं. कुठली शाळा ते बाईंनी विचारलं, थोरलीनं तेही सांगितलं. बाईंनी थर्मासचं झाकण हातातच धरून ठेवलं.

"बरे आहेत?"

कुणी आपुलकीनं विचारलं म्हणजे माणूस नको ते बोलून जातो. थोरली म्हणाली, "बरे कसले. हल्ली विसरतात. चष्मा साखरेच्या डब्यात सापडतो. सोप्या हिशेबात अडकतात आणि मग चिडतात. बाई, कुणाला सांगू नका. त्यांना चालत नाही."

"कुणाला सांगणार मी?" बाईंनी झाकण लावलं. "मी त्यांच्या आठवीच्या वर्गात होते."

थोरलीला आधी आनंदच झाला. बाई पुढे सरळ आवाजात, फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं बोलत राहिल्या.

"त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. गणित येईना. ते म्हणाले, येईपर्यंत इथंच. तास संपला, पुढचा तासही त्यांचाच होता. मी बाहेर जाऊ का विचारलं. ते म्हणाले, उत्तर देऊन जा. मग मला धरवलं नाही. सगळ्या वर्गासमोर. पायावरून ओघळ गेला, फरशीवर डबकं झालं. तुमच्या वडिलांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, 'चला, डोक्यातून नाही तर नाही, निदान काहीतरी बाहेर आलं.' मुलं महिनाभर हसत होती. शाळा संपेपर्यंत मला कुणी नावानं हाक मारली नाही."

बाबा असं बोलले असतील यात तिला तिळमात्र शंका नव्हती. वाक्य त्यांचंच होतं. आवाजसुद्धा तिला ऐकू आला.

"शेवटच्या पाठाला त्यांना घेऊन या," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"ओळखतात का मला, बघायचंय."

"आणि नाही आले तर?"

"तर काय? पाठ पाठासारखा होईल. शेरा मी लिहीनच."

घरी जाताना थोरलीनं ठरवलं होतं की सांगायचं, बाबा आजारी आहेत. एवढंसं खोटं. पण रात्री ताटावर बसली आणि बाबा म्हणाले, "काय, अर्धवट डॉक्टर, कधी संपतंय तुमचं मास्तरकीचं नाटक?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "शेवटच्या पाठाला तुम्हाला बोलावलंय, बाबा. शाळेनं. खास."

बाबांचा घास हातातच राहिला. "मला?"

"तुम्हाला."

मग त्यांनी बूट काढले, पॉलिश केले, दुसऱ्या दिवशी ते विसरून पुन्हा पॉलिश केले. दिवस कुठला हे ते सारखं विचारत. पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवला होता, त्याला कुणी हात लावायचा नाही. कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ दिसत होती.

आईनं थोरलीला स्वयंपाकघरात गाठलं. "कशाला नेतेस गं? परवा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता विचारत होते."

"त्यांनाच यायचंय."

"ते कळलं. तुला न्यायचंय का, ते विचारतेय मी."

"मला पास व्हायचंय, आई."

आईनं तिच्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला.

पाठाच्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर बसले. गोल चेहऱ्याचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. बाबांना पुढे खिडकीजवळ खुर्ची दिली होती. विषय वर्गसमीकरणांचा. थोरली बरी शिकवत होती. चुकत नव्हती, अडखळत नव्हती, आणि परीक्षकांनी एक जांभई दाबली हेही तिला दिसलं.

तेवढ्यात कर्कटकबाई उठल्या. "साहेब, परवानगी असेल तर. आज आपल्यात एक ज्येष्ठ शिक्षक आहेत. एक गणित मुलांना त्यांच्याकडून शिकू दे."

परीक्षकांनी खुशीत मान हलवली. बाबा तर आधीच उभे राहिले होते.

"सोपंच आहे, सर," बाई म्हणाल्या. "एका संख्येचा वर्ग त्या संख्येच्या सातपट आहे. ती संख्या कोणती?"

"सात!" बाबा गरजले. मागच्या बाकापर्यंत आवाज गेला. "हे काय गणित झालं?"

"करून दाखवा ना. आमच्या मुलांना पायऱ्या लागतात."

बाबांनी खडू घेतला. अक्षर अजून मोत्यासारखं होतं. एक्स वर्ग बरोबर सात एक्स. दोन्ही बाजूंना एक्सनं भागलं. एक्स बरोबर सात. खाली दोन रेघा. वर्ग गप्प होता. त्या हातात अजून काहीतरी होतं.

"आणि दुसरं उत्तर?" बाईंनी विचारलं.

"दुसरं कसलं?"

"दुसरंही आहे, सर."

बाबांनी फळ्याकडे बघितलं. मधल्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "शून्य!"

"कोण बोललं ते?" बाबा गर्रकन वळले. "उभं राहा!"

कुणी उभं राहिलं नाही. मागून बारीक आवाजात नक्कल आली, "कोण बोललं ते?" आणि वर्ग हसला. बाबांनी डस्टर शोधलं, समोर असून दिसलं नाही, तळहातानंच फळा पुसला आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा एक्सनं भागलं. पुन्हा सात. "सातच!" पांढरा हात त्यांनी इस्त्रीच्या पँटला पुसला. आता पुढची मुलंही तोंड दाबून हसत होती.

"सावकाश, सर," बाई म्हणाल्या. "आम्हाला कुठं जायचंय?"

तिसऱ्यांदा त्यांनी समीकरण लिहिलं आणि खडू फळ्यावर टेकवून तसेच थांबले. पुढे काय करायचं असतं तेच हाताला आठवेना. मग त्यांनी मान वळवून मुलीकडे बघितलं.

"थोरले," ते हळूच म्हणाले.

तिनं ऐकलं. त्या हाकेसाठी ती किती झुरली होती हे तिचं तिला ठाऊक. त्या वेळी ती नुसतं 'आभारी आहोत, सर, बसा' एवढं म्हणाली असती तरी सगळं तिथंच मिटलं असतं.

"बाई," मागून कर्कटकबाई म्हणाल्या. डॉक्टर नाही, बाई. वर्षभरात पहिल्यांदा. "तास तुमचा आहे. चूक दाखवा मुलांना."

थोरली फळ्यापाशी गेली. दुसरा खडू घेऊन तिनं बाबांच्या भागाकाराभोवती गोल काढला. "इथं बघा. सरांनी इथं काय केलं?" आणि ती गप्प राहिली. शांतता ताणली गेली, तिला ती सोसली.

"एक्सनं भागलं," वेणीवाली म्हणाली.

"भागायला नेहमी चालतं?"

"शून्यानं नाही चालत!"

"एक्स शून्य आहे की नाही, हे सरांना माहीत होतं?"

"नाही!" चार-पाच आवाज.

"मग भागताना ते काय धरून चालले?"

पुन्हा शांतता. मग नेहमी झोपणारा एक मुलगा उठून उभाच राहिला. "शून्य नाहीये असं! म्हणून मग शून्य उत्तरातून गेलं. आपणच हाकललं त्याला!"

वर्ग पुढे झुकला. बाक करकरले. थोरलीनं सात एक्स अलीकडे आणला, एक्स बाहेर काढला, आणि मुलंच ओरडून पुढची पायरी सांगू लागली. "सरांसारखी चूक कुणाकुणाची झालीय?" तिनं हसत विचारलं, आणि अर्ध्या वर्गाचे हात वर गेले. तिनं नवं समीकरण दिलं, मग त्याहून अवघड. प्रत्येक वेळी कुणीतरी ओरडायचं, "सरांची चूक करू नको रे!" आणि सगळे खळखळून हसायचे. संशोधनाच्या चांगल्या दिवसांतही असं सुख तिला मिळालं नव्हतं. ती फरशीकडे एकदाही बघत नव्हती.

घंटा झाली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाबा अजून फळ्याच्या कडेला उभेच होते, खडू हातात धरून. कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

परीक्षक हात चोळत पुढे आले. "वा! चुकीवर तास उभा केलात. आणि सर, काय बेमालूम चुकलात! ठरवून केलंत ना?"

"हो, आम्ही आधीच—" थोरली घाईनं म्हणाली.

"ठरवून नाही," बाबा म्हणाले. "चुकलो मी."

परीक्षक पेन खिशाला लावत निघून गेले.

वर्ग रिकामा झाल्यावर कर्कटकबाई बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, मला ओळखलंत?"

बाबांनी निरखून बघितलं. "पालक का तुम्ही?"

"मी तुमची विद्यार्थिनी. आठवी. तुम्ही मला फळ्यापाशी उभं केलं होतं. दोन तास."

"हो का!" बाबांचा चेहरा उजळला. मघाचं सगळं त्यांच्या तोंडावरून पुसल्यासारखं गेलं. "माझी विद्यार्थिनी! आणि आज गणिताच्या बाई! बघ, थोरले, याला म्हणतात शिकवणं. उभं केलं म्हणून घडली पोरगी." आणि खडूनं माखलेल्या हातानं त्यांनी बाईंच्या खांद्यावर शाबासकी दिली, एकदा, दोनदा. गडद कपड्यावर पांढरा पंजा उमटला.

बाईंनी तो झटकला नाही. मग म्हणाल्या, "यांना पाणी द्या," आणि लांब पावलं टाकत निघून गेल्या.

शेरा त्यांनी उत्तम दिला. तसा द्यायलाच हवा होता, पाठ तसाच झाला होता. थोरलीला प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच शाळेत नोकरीही. शिक्षकांच्या खोलीत दोघी समोरासमोर बसत. पोर्शन, पेपर, रजा यांवर बोलत. बाबांची चौकशी बाईंनी पुन्हा कधी केली नाही, थोरलीनंही काही सांगितलं नाही. ती चांगली शिकवू लागली होती. तिच्या तासाला आता कुणी दप्तर आवरत नसे.

बाबा मात्र त्या पाठानंतर झपाट्यानं खचले. आधी तारखा गेल्या, मग धाकट्याचं नाव, मग आईला ते 'अहो, कोण आपण?' विचारू लागले. थोरलीला तेवढं ओळखत, पण मुलगी म्हणून नाही.

"बाई, आत येऊ?" खोलीच्या दारात थांबून ते विचारत.

सुरुवातीला ती कळवळून म्हणायची, "बाबा, मी थोरली." ते घाबरून मान हलवत आणि तिथंच उभे राहत. आई कितीही म्हणाली तरी बसत नसत, जेवत नसत, आंघोळीला जात नसत. थोरलीनं वर्गातला आवाज काढला की मात्र लगेच ऐकत. "बसा." बसत. "तोंड उघडा." उघडत. आईची दमछाक वाचली. शेजारी म्हणू लागले, काय गुणी मुलगी आहे, बापाला कशी सांभाळते.

एकदा सुट्टीच्या दिवशी ती सहामाहीचे पेपर तपासत होती. बाबा दारात आले, हात बांधून.

"बाई, बसू?"

तिनं ऐकलं. गठ्ठ्यातला वरचा पेपर तिनं शेवटपर्यंत तपासला, बेरीज केली, मग दुसरा घेतला. आई स्वयंपाकघरातून बघत होती. बाबा या पायावरून त्या पायावर भार टाकत होते, तरी नजर जमिनीवर ठेवून ते वाट बघत होते.

"अगं, सांग ना त्यांना," आई म्हणाली.

"सांगते," थोरली म्हणाली आणि दुसऱ्या पेपरचं पान उलटलं.